काथीचं स्थळ

दुकानावर पाटी होती आणि पाटीवर नावही होतं, पण पाटीपुढे फोमच्या गुंडाळ्या उभ्या करून ठेवलेल्या असल्यामुळे ते नाव वर्षानुवर्षं कोणी वाचलं नव्हतं. सगळे त्यांना खिळेकाका म्हणत. जुने सोफे, खुर्च्या, दिवाण त्यांच्याकडे येत, आणि नवं कापड, नवे पट्टे, नव्या स्प्रिंगा घेऊन परत जात. बाकीच्या दुकानांत आता पिना मारायचं यंत्र आलं होतं. काकांचं काम मात्र अजून तोंडाने चाले. बारीक खिळ्यांची एक चिमूट तोंडात टाकायची, जिभेने एकेक खिळा ओठांवर आणायचा, चुंबक लावलेल्या हातोडीने तो तिथून टिपायचा आणि ठक्. पुन्हा ओठ, पुन्हा ठक्. एवढ्या वर्षांत एकही खिळा गिळला नाही, हे ते अभिमानाने सांगत. म्हणजे तोंड रिकामं असलं तर सांगत.

कारण ते रिकामं क्वचितच असे. गिऱ्हाईक आलं, भाव विचारला, तर आतून "हूं" यायचं. खुर्ची कधी मिळेल विचारलं, तरी "हूं". फोन वाजला तर ते उचलतच नसत, कारण फोनवर "हूं" ऐकून लोक घाबरत. बाकीची माणसं मूग गिळून गप्प बसतात, हे खिळे धरून गप्प बसायचे. अडचणीचा प्रश्न आला की काकांचा हात आपोआप खिळ्यांच्या डब्याकडे जातो, हे शेजारच्या टपरीतल्या चावीवाल्याने केव्हाच ओळखलं होतं.

त्यांच्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली म्हणजे बैठक. खुर्ची तयार झाली की काका चहाचा ग्लास घेऊन स्वतः तिच्यात बसत. हातोडी बंद, पंखा बंद, बोलणं बंद. चहा संपेपर्यंत खुर्ची कुरकुरली नाही, कुठे टोचली नाही, तरच ती दुकानाबाहेर जायची. मग गिऱ्हाईक दारात कितीही पाय आपटत उभं असो.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं शास्त्र. जुन्या खुर्चीची बैठक कुठे दबलीय, हात कुठे झिजलाय, हे बघून माणूस कळतो, असं त्यांचं ठाम मत होतं. "हा गृहस्थ नेहमी कडेवर बसतो, घरात याचं काही चालत नाही," असं ते चावीवाल्याला सांगत. चावीवाला मान डोलवी. एकदा एका सोफ्यावरून त्यांनी मालकाला महाकंजूष ठरवलं, आणि तो सोफा त्या माणसाने परवाच दुसऱ्याकडून जुना विकत घेतलेला निघाला. पण शास्त्र असल्या किरकोळ गोष्टींनी डगमगत नाही. काका तर मुळीच नाहीत.

तर अशा या दुकानात एका बंद पडलेल्या दवाखान्यातला सोफा आला. काकांनी तो उलटा केला, खालचं काळं कापड फाडलं, आणि आत हात घालून कुजका काथ्या बाहेर ओढू लागले. ओढता ओढता एक झुबका त्यांच्या हाताला चावला.

तो झुबका म्हणजे मांजराचं पिल्लू होतं. अर्धवट वाढलेलं, हाडं मोजून घ्यावीत असं, एक डोळा पुवाने चिकटलेला, आणि रंग अगदी हुबेहूब काथ्याचा. काकांनी खिळे हातावर काढले आणि म्हणाले, "अरे, तू कोण?" चावीवाल्याने नंतर सगळ्यांना सांगितलं की काकांच्या तोंडून सलग तीन शब्द त्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे.

पिल्लाचं नाव काथ्या पडलं. जनावरांच्या डॉक्टरांनी डोळ्याचं औषध दिलं आणि जाता जाता ती मुलगी असल्याचं सांगितलं, तेव्हा काथ्याची काथी झाली. काका कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवून तिचा डोळा पुसत, थेंब घालत, आणि तिने ओरबाडलं की तिलाच "सॉरी" म्हणत. डोळा उघडला. हाडांवर मांस आलं. दुकानात जमिनीवर पडलेला एकेक खिळा तिच्या पायात जाऊ नये म्हणून काका संध्याकाळी लोहचुंबक घेऊन फरशीवर रांगू लागले. स्वतःच्या मुलीसाठीसुद्धा ते कधी असे रांगले नव्हते, असं त्यांची बायको समोरच्या फुटपाथवरून ते पाहून म्हणाली. मुलगी आता सासरी होती, म्हणून तिला हे ऐकावं लागलं नाही.

काथीची एक खोड होती. सोफ्याच्या पोटात आणि हातोडीच्या आवाजात वाढल्यामुळे तिला ठकठक चालू असली की गाढ झोप लागायची. हातोडी थांबली की ती जागी व्हायची, आळस द्यायची आणि ओरडायला लागायची. दुपारी काका जेवायला घरी निघाले की ती हमखास पायात यायची. लोकांच्या घरात घड्याळाच्या गजराने जाग येते, इथे गजर बंद पडल्याने यायची.

सगळं छान होतं, फक्त काकूंचा दमा सोडून.

काकूंना दम्याचा त्रास लग्नाआधीपासूनचा. त्यामुळे काथ्याची धूळ घरात जाऊ नये म्हणून काका दुकानाच्या मागच्या बाजूला कपडे बदलून, हातपाय धुऊन घरी जात. काकू दुकानात पाऊल टाकत नसत. डबा द्यायचा झाला तर समोरच्या फुटपाथवरून हाक मारत. काथी आल्यापासून काका जास्तच जपून वागू लागले. दोनदा हात धूत. घरात मांजराचं नाव काढत नसत. काकूही त्रासाबद्दल काही बोलल्या नाहीत. पण एका सकाळी काकांनी काकूंचा श्वासाचा पंप हातात घेतला आणि तो रिकामा लागला. नेहमी कितीतरी जास्त टिकायचा. म्हणजे बाई रात्री गुपचूप उठून पंप घेत होती.

"सांगितलं का नाहीस?" काकांनी विचारलं.

"काय सांगू? तुमच्या कॉलरवर तिचे केस असतात," काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही घरी आल्यावर शीळ घालता. आधी कधी घालत नव्हतात. म्हटलं, घालू देत."

त्या दिवशी काकांनी ठरवलं, काथीला घर शोधायचं. दुकानात ठेवली तर केस येणारच, आणि काकूंच्या श्वासापुढे दुसरं काही नाही. शिवाय काथीने एका गिऱ्हाइकाच्या तयार सोफ्यावर नखं चालवून बघितली होती आणि तो सोफा काकांनी पदरचं कापड घालून पुन्हा मढवला होता. पण ते कारण त्यांनी मोठ्याने सांगायला ठेवलं होतं. खरं कारण पंपाचं.

मग सुरू झाली स्थळं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला चावीवाला मांजर दाखवी, आणि काका त्या माणसाची खुर्ची बघत. एका विमा एजंटने उत्साहाने हो म्हटलं. काका त्याच्या घरी माप घ्यायला गेले आणि तसेच परत आले.

"काय झालं?" चावीवाल्याने विचारलं.

"सोफ्यावर अजून दुकानातलं प्लास्टिक आहे. स्वतः बसत नाहीत, मांजराला काय बसू देणार!"

मग एक शिक्षिका आल्या. त्यांच्या दिवाणाच्या सगळ्या स्प्रिंगा तुटलेल्या निघाल्या. "घरात उड्या मारणारी मुलं आहेत. आठवड्यात तिचं पायपुसणं करतील." मग एक एकटा राहणारा हिशेबनीस आला. त्याच्या खुर्चीचा एकच हात झिजलेला. "हा माणूस सदा फोनला चिकटलेला. मांजर उपाशी मरेल."

"काका," चावीवाला म्हणाला, "तुम्ही मांजर देताय की मुलीचं लग्न ठरवताय? एवढ्या चौकशा माझ्या सासऱ्यांनीही केल्या नव्हत्या."

"त्यांनी करायला हव्या होत्या," काका म्हणाले आणि खिळे तोंडात टाकले.

काकूंनी मात्र नेमकं बोट ठेवलं. जेवताना त्या म्हणाल्या, "तुम्हाला स्थळ नकोय. तुम्हाला नकार हवाय." काकांनी भाताकडे बघून "हूं" केलं. तोंडात खिळे नसताना.

अशातच सिस्टर आल्या. मोठ्या इस्पितळात उभी हयात परिचारिका म्हणून काढून निवृत्त झालेल्या; पांढरे आखूड केस, पायात मऊ तळव्यांचे बूट, आणि बोलणं असं की समोरच्याने आपोआप जीभ बाहेर काढून दाखवावी. टेम्पोतून त्यांनी एक उंच पाठीची, डोकं टेकायला दोन्ही बाजूंना कान असलेली आरामखुर्ची उतरवून घेतली.

"पाठ बदला, बैठक बदला. रंग हाच ठेवा," त्या म्हणाल्या. काकांनी स्टूल पुढे केलं. "नको, मी उभी बरी आहे."

काका खुर्ची तपासू लागले. बैठक मधोमध खोल दबलेली. एक माणूस वर्षानुवर्षं यात बसलं होतं, जवळजवळ उठलंच नव्हतं. आणि खुर्चीच्या उजव्या हाताचं कापड बाहेरच्या बाजूने झिजलेलं. म्हणजे कोणीतरी तिथे सतत टेकून उभं राहिलेलं. बसणारं माणूस आता नाही, आणि उभी राहणारी ही समोर उभी आहे. शास्त्राने पटापट हिशेब मांडला.

एवढ्यात काथी फोमवरून उतरून सिस्टरांच्या बुटांपाशी गेली. सिस्टरांनी तिला एका हाताने अलगद उचललं, दुसऱ्या हाताने पापणी वर केली.

"डोळ्यात काय घातलंत?"

काकांनी औषधाची बाटली दाखवली.

"चांगला बरा केलाय," सिस्टर म्हणाल्या. काकांना शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. मग सिस्टरांचा आवाज एकदम लहान झाला. "चावीवाले म्हणाले, ही द्यायची आहे. मला चालेल. म्हणजे, तुम्हाला चालत असेल तर."

ही बाई बसत नाही, एवढंच काकांच्या डोक्यात होतं. दिवसभर उभी राहणाऱ्या बाईला मांडी कुठली? आणि मांडी नाही त्या घरात मांजराने करायचं काय? हात डब्याकडे गेला. खिळे तोंडात पडले. आणि त्या खिळ्यांतून काका म्हणाले, "ठव्वंय."

"काय?"

"ठरलंय. दुसरीकडे," चावीवाल्याने पडेल आवाजात भाषांतर केलं. त्याला ठाऊक होतं की कुठेही ठरलेलं नाही. सिस्टरांनी काथीला खाली ठेवलं, तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, आणि "छान झालं" म्हणून निघून गेल्या.

खोटं बोललेलं काकांना पचत नसे. त्यांनी ती खुर्ची इतर सगळी कामं बाजूला सारून हातात घेतली, तीही मान खाली घालून. लवकर करावी, लवकर जावी, ती बाई पुन्हा समोर येऊ नये. पट्टे ताणले, स्प्रिंगा बांधल्या, नवा काथ्या भरला, बैठक मढवली. सगळ्यात शेवटी राहते ती मागची बाजू. खुर्चीच्या पाठीत, पुढच्या गादीच्या आणि मागच्या कापडाच्या मध्ये, एक पोकळी असते. तिच्यावर कापड ठोकलं की खुर्ची संपली.

ते कापड ठोकायला घेतलं आणि नेमका दारात टेम्पो उभा राहिला. सोबत सिस्टर.

"झाली का?"

"हूं."

काकांनी घाईने पोकळीत नजर टाकली. खाली काथ्या दिसला. भरलेलाच काथ्या असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी वरून कापड सोडलं आणि ठक्, ठक्, ठक्, एका दमात चारही कडा ठोकून टाकल्या. टेम्पोवाल्याने खुर्ची उचलली. "काका, आणली तेव्हा हलकी होती की!"

"माल भरलाय," काका म्हणाले.

आणि बैठक? चहा? ते सगळं राहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा खुर्ची न बसता बाहेर गेली, कारण त्या बाईसमोर चहा पीत, तोंड रिकामं ठेवून बसायची काकांची छाती झाली नाही. टेम्पो खडखडत निघून गेला.

दुपारी हातोडी थांबली. काका उठले, हात झटकले, आणि सवयीने पायाकडे बघितलं. पायात कोणी नव्हतं.

"काथे!"

फोमच्या गुंडाळ्यांमागे नव्हती. दिवाणाखाली नव्हती. कापसाच्या पोत्यावर तिचा खड्डा होता, ती नव्हती. चावीवाला टपरी सोडून आला. दोघांनी गल्ली पालथी घातली, प्रत्येक गाडीखाली वाकून पाहिलं. काकांच्या मनात नको नको ते येऊ लागलं. नळावर पाणी भरणाऱ्या बाईला विचारलं, गॅरेजवाल्याला विचारलं. मग परत येऊन त्यांनी द्यायला तयार ठेवलेले दोन सोफे उलटे केले आणि स्वतःच घातलेले टाके उसवले. आत नुसता काथ्या. कोपऱ्यात कुठेतरी फोमखाली फोन वाजत होता. तो नेहमीच वाजे, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

"गेली," काका म्हणाले आणि उसवलेल्या सोफ्याच्या कडेवर बसले. "मी देत नव्हतो कुणाला, म्हणून स्वतःच गेली." त्यांचे डोळे भरून आले होते.

"अहो!" समोरच्या फुटपाथवरून हाक आली. जेवायला आले नाहीत म्हणून काकू आल्या होत्या, नाकावर ओढणी धरून. चावीवाल्याने रस्ता ओलांडून सगळी हकीकत सांगितली. काकूंनी ती शांतपणे ऐकली आणि तिथूनच मोठ्याने विचारलं, "सकाळपासून दुकानातून काय काय बाहेर गेलं?"

"एक खुर्ची."

"त्या खुर्चीत बसून चहा घेतलात?"

काकांचा हात डब्याकडे गेला.

"डबा खाली ठेवा आणि बोला! घेतलात का?"

"नाही."

"मग चला," काकू म्हणाल्या.

काकांना तेव्हा कुठे पोकळीतला तो काथ्या आठवला. नवा काथ्या त्यांनी बैठकीत भरला होता. पाठीत तर फोम होता. हातोडी, सांडशी आणि खिळ्यांची पुडी खिशात कोंबून ते निघाले, आणि काकू त्यांच्या मागून, दम लागू नये म्हणून बेताने चालत. काका घाई करत पुढे जात, परत मागे येत, पुन्हा पुढे जात.

"ती बाई मांजर मागत होती?" वाटेत काकूंनी विचारलं. चावीवाल्याने तेही सांगून टाकलं होतं.

"हो."

"आणि तुम्ही नाही म्हणालात?"

"ती कुठे बसतच नाही गं. दिवसभर उभी."

"मी तरी कुठे बसते दिवसभर? मग मला का नाही परत पाठवलंत?"

काकांचा हात डबा शोधू लागला. खिळे होते, पण ते खिशात होते.

सिस्टरांचं घर दुसऱ्या मजल्यावर, लांब गॅलरीच्या टोकाला. दार उघडंच होतं. स्वच्छ, मोजक्या सामानाची खोली. भिंतीशी पलंग, टेबलावर औषधांचे रिकामे डबे ओळीने लावलेले. मधोमध ती खुर्ची. आणि खुर्चीच्या मागे, फरशीवर मांडी घालून बसलेल्या सिस्टर. त्या मागच्या कापडावर बोटांच्या पेरांनी एकसारखं थोपटत होत्या. ठक, ठक, ठक.

"आलात?" त्या थोपटणं न थांबवता म्हणाल्या. "किती फोन केले तुम्हाला! पेशंट आत आहे. थांबले की रडते, म्हणून थांबता येत नाही. कात्री घेतली होती, पण आत नेमकी कुठे आहे ते कळेना. हात धजला नाही."

"आतून... श्वास?" काकांनी विचारलं.

"कापड विरळ आहे. श्वास घेतेय, मी कान लावून ऐकलाय." मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. "या तुमच्या मिसेस का? आत येऊ नका हो, छातीत शीळ वाजतेय तुमच्या. गॅलरीत वारा आहे, ते स्टूल घ्या. पंप जवळ आहे ना?"

काकू मुकाट्याने स्टुलावर बसल्या. सिस्टरांपुढे कोणाचंच काही चालत नसावं.

काका गुडघ्यावर बसले. आयुष्यात काही ठोकताना घेतली नसेल एवढ्या काळजीने ते सांडशीने एकेक खिळा हळू काढू लागले. एक कड सुटली. मग दुसरी. कापड खाली आलं आणि पोकळीतून एक काथ्याचा झुबका बाहेर पडला, त्याने शिंक दिली, आळस दिला आणि काकांच्या गुडघ्याला अंग घासायला सुरुवात केली. काकांनी तिला उचलून छातीशी धरलं. कॉलरची, केसांची, कशाची पर्वा न करता.

"सिस्टर, हे माझ्या हातून..." ते म्हणाले.

"होतं कधीकधी. आम्ही तर पोटात कापूस विसरणारे डॉक्टर ऐकलेत," सिस्टर म्हणाल्या आणि फरशीवरून उठल्या. पायाला मुंग्या आल्या होत्या. त्यांनी खुर्चीच्या उजव्या हाताला टेकून तोल सावरला. अगदी त्याच जागी, जिथलं कापड झिजलं होतं.

काकांनी ते पाहिलं. "कोण बसायचं यात?" त्यांनी विचारलं.

"माझी ताई. अंथरुणावर तिला श्वास लागायचा, म्हणून दिवसरात्र खुर्चीतच. मी नोकरीत उभी, घरी आले की इथे उभी. ती गेल्यावर बसून बघितलं एकदा. तिच्या खड्ड्यात बसवेना मला." त्यांनी नव्या बैठकीवर हात फिरवला, पण बसल्या नाहीत. "म्हणून म्हटलं, बैठक बदलून घ्यावी. म्हणजे कदाचित बसता येईल."

काकांना स्वतःच्या शास्त्राची इतकी लाज वाटली की ते तोंडात टाकायला खिशातले खिळे शोधू लागले. पुडी हाताला लागली. त्यांनी ती बाहेर काढली आणि जमिनीवर ठेवून दिली.

"कुठेच ठरलेलं नाहीये," ते म्हणाले. "हिचं. मी खोटं बोललो तुमच्याशी."

"का?"

"तुम्ही बसत नाही म्हणून."

गॅलरीत काकू खुदकन हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत. त्या काकांच्या छातीवरच्या काथीकडे बघत होत्या, आणि त्यांचा तो हुकमी चेहरा कुठल्या कुठे गेला होता.

"माझी एक पद्धत आहे," काका म्हणाले. "बसून बघितल्याशिवाय मी खुर्ची देत नाही. आज ते राहिलं. आता तुम्हीच बघा. कुरकुरली तर सांगा."

सिस्टरांनी खुर्चीकडे पाहिलं. पदर सारखा केला. आणि इंजेक्शनला पुढे केलेल्या हातासारखं अंग आखडून त्या हळूहळू खाली बसल्या. नव्या स्प्रिंगांनी त्यांना मध्येच झेललं. खड्डा कुठेच नव्हता. काकांनी काथीला एकदा डोक्यावर हुंगलं आणि सिस्टरांच्या मांडीवर ठेवलं.

काथी लगेच उठून उभी राहिली. तिने काकांकडे पाहिलं आणि ओरडली. अनोळखी मांडी, अनोळखी खोली, आणि सगळीकडे शांतता.

"थांब," काका म्हणाले. ते खुर्चीच्या मागे गेले, मांडी घातली, कापड वर ओढलं आणि तोंडात खिळे टाकले. ठक्. ठक्. पुढून ओरडणं कमी झालं. ठक्. मग बंद झालं. काकांना पुढचं काही दिसत नव्हतं, नुसती खुर्चीची पाठ दिसत होती, पण थोड्या वेळाने घुरघुर ऐकू आली, आणि तिच्या जोडीला आणखी एक श्वास, दमलेल्या माणसाचा, लांब आणि संथ.

ऊन गॅलरीच्या कठड्यावरून उतरत गेलं. काकूंनी स्टुलावरून मान वाकवून आत पाहिलं. मांजर झोपलं होतं. सिस्टरही झोपल्या होत्या, डोकं खुर्चीच्या कानाला टेकलेलं, एक हात काथीच्या पाठीवर. मागून ठक्, ठक् चालूच होतं.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "किती खिळे राहिलेत?"

"थोडेच," काका म्हणाले.

आवाज अगदी स्पष्ट आला. तोंडात खिळे असले की त्यांचा "थ" कधी नीट येत नसे, हे काकूंइतकं कोणाला माहीत? तोंडात एकही खिळा नव्हता. स्टूल भिंतीला टेकवून काकू पुन्हा वाऱ्याला बसल्या, आणि आत काका रिकामी हातोडी लाकडावर मारत राहिले.